इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवायची पिशवी : दोन उन्हाळे वापरून झाल्यावर

माझ्या लेकाला टाइप १ डायबेटिस आहे. वय अकरा, इन्सुलिन सुरू होऊन पाच वर्षं झाली. उन्हाळ्यात प्रवास ठरला की कपडे भरायच्या आधी मला त्याच्या इन्सुलिनचा घोर लागतो. त्यासाठीच ही पिशवी घेतली.

त्याआधी मी बर्फाच्या भरवशावर होते. जेलचा पॅक फ्रीजरमध्ये दगडासारखा गोठवायचा, डब्यात तळाशी ठेवायचा, वर फडकं आणि त्यावर पेनं, म्हणजे इन्सुलिन टोचायची पेनासारखी इंजेक्शनं. एका प्रवासात फडकं सरकलं आणि नवं कोरं पेन थेट पॅकला चिकटून बसलं. बाहेर काढलं तर आतल्या काचेच्या नळीत बर्फाच्या बारीक सुया दिसत होत्या. थोड्या वेळाने सगळं वितळून पुन्हा पाण्यासारखं नितळ झालं, म्हणून मी तेच वापरलं. रात्री शुगर ३४०. डोस दिला, दोन तासांनी पाहिलं तर ३५५. दुसरं पेन उघडलं तेव्हा कुठे उतरायला लागली. एकदा गोठलेलं इन्सुलिन दिसायला कितीही चांगलं असलं तरी टाकून द्यायचं असतं. ते मला माहीत असायला हवं होतं, आणि त्याचा त्रास लेकाने काढला.

या पिशवीत बर्फाचा संबंधच नाही, म्हणून गोठायची भीती नाही. दोन कापडांच्या मध्ये शिवलेल्या कप्प्यांत साखरेसारखे दाणे असतात. पाण्यात बुडवलं की ते पाणी पितात आणि फुगून जेलीसारखे होतात. मग ते पाणी हळूहळू उडत राहतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं, तसंच. मी पहिल्यांदा जास्त गार राहील म्हणून अर्धा तास भिजवली, तर ती इतकी टम्म फुगली की पेन आत शिरेना. सात-आठ मिनिटं पुरतात. भिजवून झाल्यावर बाहेरून नीट पुसायची आणि मग वरचं कोरडं कव्हर चढवायचं.

कंपनीच्या शब्दावर न जाता मी आत एक संपलेलं पेन आणि वायरवाला छोटा थर्मामीटर ठेवून पाहिलं. कोरड्या उन्हात, दुपारी दोन वाजता बाहेर ४१ अंश होते आणि पिशवीत २५. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकडा २६ च्या वर गेला नाही. मला एवढंच हवं होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण वापरात घेतलेलं पेन ३० अंशांच्या आत राहिलं तरी चालतं. आमचं २८ दिवस चालतं. प्रत्येक इन्सुलिनची मुदत वेगळी असते, ती खोक्यातल्या पत्रकात दिलेली असते. म्हणजे ही पिशवी फ्रीजचं काम करत नाही. फ्रीजमधून काढलेल्या जादा पेनांचे दिवसही मी त्याच क्षणापासून मोजते. पेनावर चिकटपट्टी लावून तारीख लिहून ठेवते.

दमट हवेत मात्र हिच्यावर विसंबू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. समुद्राकाठच्या प्रवासात बाहेर ३४ अंश होते आणि आत ३१. हवेतच इतकी वाफ असल्यावर पिशवीतलं पाणी उडणार कुठे? आणि हवा लागलीच पाहिजे. एकदा लेकाने ती सॅकमध्ये कपड्यांखाली दाबून ठेवली, तर तासाभरात ती ओली आणि कोमट झाली. आता ती सॅकच्या बाहेर, सावलीच्या बाजूला लटकते. उभ्या गाडीत तर मिनिटभरही ठेवत नाही.

शुगर तपासायच्या मीटरच्या स्ट्रिप्स हिच्यात अजिबात ठेवू नका. त्यांनाही ऊन सोसत नाही, पण ओल त्याहून वाईट. मी डबी आत सरकवली होती आणि झाकण नीट लागलं नव्हतं. सकाळी मीटरने लागोपाठ तीन वेळा एरर दाखवली. पोराच्या बोटाला तीनदा टोचलं. त्या दिवसापासून स्ट्रिप्स आणि मीटर वेगळ्या कोरड्या पाऊचमध्ये असतात, आणि तो पाऊच माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये.

प्रवासाहून आल्यावर पिशवी पूर्ण वाळायला आठवडा तरी जातो. पहिल्या वर्षी अर्धवट ओली असतानाच कपाटात ठेवली, तर तिला कुबट वास धरला. आता खिडकीत वाऱ्यावर टांगते आणि दाणे पुन्हा साखरेसारखे खुळखुळायला लागले की आत ठेवते.

पुढच्या प्रवासाला पुन्हा समुद्रकाठ आहे, म्हणून दमट हवेसाठी रुंद तोंडाचा थर्मास घेतलाय. आत गार पाणी घालून ओतून टाकायचं, पुसून कोरडा करायचा, पेन कापडात गुंडाळून ठेवायचं, बर्फ नाही. संपलेलं पेन आणि थर्मामीटर आत घालून सकाळपासून तो गॅलरीत ठेवलाय. सहा तास झाले, आकडा २४ वर आहे.