फेरवापराच्या कबरीसाठी साधी जंगली लाकडाची शवपेटी

मुंबई-वसईकडच्या चर्चच्या दफनभूमीत कायमची कबर फार थोड्या कुटुंबांकडे असते. बाकीच्या कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. अशा कबरीसाठी स्थानिक सुताराकडची ही बिनपॉलिशची पेटी आम्हाला चकचकीत पेटीपेक्षा कितीतरी योग्य वाटते. लॅमिनेट, व्हार्निश आणि पॉलिएस्टरचं अस्तर ओल कोंडून ठेवतं. कबर उघडताना देह पूर्ण विरघळलेला नसतो आणि घरच्यांना ते बघावं लागतं. इथे अस्तर सुती मांजरपाटाचं आहे. कपडेही सुतीच घाला.

आतली लांबी 6 फूट 2 इंच, खांद्याशी रुंदी 22 इंच. माप खांद्यांचं नव्हे, छातीवर हात जोडल्यावर दोन्ही कोपरांमधलं घ्यायचं. पेटी अडते ती तिथेच.

तळाला तीन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या आहेत, हे उत्तम. नुसते खालून खिळे मारलेला तळ वजनाने निसटू शकतो. कड्या मात्र केवळ शोभेच्या. पेटी तळाखाली हात घालूनच उचला. उतरवताना जाड सुती दोर वापरा, नायलॉनचा ओल्या हातातून सरकतो.

एक उणीव आहे. तळाला भोकं नाहीत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं की हलकी पेटी तरंगते, माती लोटता येत नाही. चार-सहा भोकं सुताराकडून आधीच पाडून घ्या, आणि उतरवण्यापूर्वी खड्डा उपसून घ्या.