डोक्यावरचं आवाळू काढलं, त्याला आठ महिने झाले

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मिरजेत आवाळू काढून घेतलं. आता गौरी-गणपती उरकले. लिहायला मुद्दामच थांबले, कारण टाके निघाल्या निघाल्या सगळेच खूश असतात.

बारा वर्षं होतं. आधी हरभऱ्याएवढं, शेवटी चांगलं लिंबाएवढं. दुखायचं नाही, पण कंगवा अडायचा, अंबाडा तिरका बसायचा. आईलाही होतं, मावशीला तर तीन. हे घराण्यातून येतं म्हणे. आम्ही त्याला चरबीची गाठ म्हणत आलो, पण आत चरबी नसतेच. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून एक पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिन साठत जातं. आपली नखं ज्याची असतात, तेच.

सहा वर्षांपूर्वी गावाकडे एकानं सुई मारून पिळून दिलं होतं. घाण वास सुटला, आठवड्यात पू झाला, आणि चार महिन्यांत गाठ जागेवर हजर! पिशवी आत राहिली की ती पुन्हा भरणारच, हे तेव्हा कळलं नाही. शिवाय एकदा पिकलेली गाठ आजूबाजूला चिकटते, म्हणून यावेळी सोडवायला वेळ लागला.

भूल तेवढ्या जागेपुरतीच. सगळ्यात जास्त झोंबलं ते इंजेक्शन. डोक्याच्या कातडीतून रक्त फार जातं, म्हणून त्यात रक्तवाहिन्या आकसायचं औषधही घालतात. नंतर दुखलं नाही, फक्त कात्रीची करकर कवटीतून थेट कानात येत होती. टक्कल वगैरे करत नाहीत. दोन बोटं रुंद पट्टी भादरली. ताणून सैल झालेली कातडीही होडीच्या आकारात कापली. गाठ अख्खी निघाली. बरणीत बघितली, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी दिसत होती.

"साधीच आहे, लॅबचा खर्च कशाला?" असं आमचे हे म्हणाले. मी ऐकलं नाही. यातला एक प्रकार भराभर वाढतो आणि क्वचित कॅन्सरकडे वळतो. रिपोर्ट साधा आला, पण पैसे वाया गेले असं मला वाटत नाही.

तक्रार एकच. दुसऱ्या दिवशी रात्री दोन्ही पापण्या टम्म सुजल्या. डोक्याची सूज कपाळावरून खाली डोळ्यांवर उतरते, हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. एक वाजता रिक्षा शोधत धावलो, आणि तिथे म्हणे, "असं होतं, ताई."

टाके दहाव्या दिवशी काढले. व्रणावर केस आले नाहीत, बोटभर रेघ आहे. भांग बदलून झाकते. मागे रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. तिथे कंगवा फिरला की दुसऱ्या कुणाचं डोकं विंचरतेय असं वाटतं. आधी ही जागा तळहाताएवढी होती. गाठ मात्र परत आलेली नाही. आंघोळीला बसले की हात आपोआप तिथे जातो.

धाकट्या बहिणीला आता हरभऱ्याएवढं आहे. तिला म्हटलं, लिंबू व्हायची वाट बघू नकोस. ती म्हणते, दिवाळीनंतर बघू.