व्हर्जन कॅटलॉग की बॉम?

एकाच टीमच्या जावा सर्व्हिसेस, पण प्रत्येकीत जॅकसनची, म्हणजे जेसन डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीची, व्हर्जन निराळी. मग सगळ्या व्हर्जन्स एका जागी आणायचं ठरतं आणि गाडी अडते ती पुढे: ग्रेडल या बिल्ड टूलचा व्हर्जन कॅटलॉग घ्यायचा, की बॉम (बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे लायब्ररी आणि त्यांच्या व्हर्जन्सची यादी), ज्याला ग्रेडलमध्ये प्लॅटफॉर्म म्हणतात?

कॅटलॉग वापरायला फार सुखाचा. ग्रेडल ७.४ पासून, म्हणजे २०२२ पासून तो स्थिर आहे. टॉमल या साध्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये नाव आणि व्हर्जन एकदा लिहायची. मग बिल्ड फाइलमध्ये ‘लिब्ज’ टाइप केलं की पुढचं आयडीई (कोड लिहायचा एडिटर) सुचवतो. प्लगइनच्या व्हर्जन्सही त्यातच ठेवता येतात. व्हर्जन्स आपोआप अपडेट करणाऱ्या रेनोव्हेट आणि डिपेंडाबॉट या टूल्सना ही फाइल वाचता येते.

पण कॅटलॉगचं चालतं ते फक्त तुम्ही स्वतः मागितलेल्या लायब्ररीवर. दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून जे येतं, त्यावर नाही. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतल्या सुरक्षा-त्रुटीचं प्रकरण आठवा. कॅटलॉगमध्ये २.१७.० लिहिलंत, पण ती नोंद एकाही मॉड्यूलने वापरली नाही, तर आतून आलेली असुरक्षित २.१४.१ तशीच राहते. बिल्ड हिरवं, इशारा काही नाही. मला ही खरी धोक्याची जागा वाटते, कारण फाइल पाहणाऱ्याला काम झालंय असंच वाटतं.

बॉममधली प्रत्येक ओळ ही अट असते आणि ती आतून येणाऱ्या लायब्ररीलाही लागू पडते. शिवाय तो मेव्हन या दुसऱ्या बिल्ड टूलच्या प्रोजेक्टलाही चालतो. कॅटलॉग मेव्हनला कळत नाही. मात्र एक फरक लक्षात ठेवा. आतून येणाऱ्या लायब्ररीसाठी मेव्हन बॉममधलीच व्हर्जन घेतो, तर ग्रेडलमध्ये कुणी त्याहून वरची मागितली की वरची जिंकते. ‘एन्फोर्स्ड प्लॅटफॉर्म’ने हे थांबवता येतं, पण पब्लिश होणाऱ्या लायब्ररीत तो वापरू नका, ती सक्ती वापरणाऱ्यांच्या गळ्यात पडते.

एकच रेपो (कोडचा साठा) आणि सगळं ग्रेडल असेल तर कॅटलॉगने सुरुवात करा, स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा बॉम त्यातच नोंदवा आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये प्लॅटफॉर्म म्हणून लावा. रेपो अनेक असतील तर आधी स्वतःचा बॉम, कॅटलॉग नंतर. बॉमची नवी आवृत्ती निघाली की प्रत्येक रेपोने ती उचलावी लागते, त्यासाठी रेनोव्हेट पहिल्या दिवसापासून लावा.

अजून ठरत नसेल तर एका सर्व्हिसमध्ये ‘डिपेंडन्सी-इनसाइट’ हा, प्रत्यक्षात कोणती व्हर्जन आली ते दाखवणारा ग्रेडलचा टास्क जॅकसन-डेटाबाइंडवर चालवा. फाइलमधली व्हर्जन आणि तिथे दिसणारी व्हर्जन वेगळी निघाली, तर तुम्हाला बॉम हवाय.