मांडवा ते राजपुरी शिडाच्या होडीने: लातूरच्या दोघांचा अभिप्राय

मागच्या मार्गशीर्षात आम्ही दोघांनी मांडव्याहून मुरूडजवळच्या राजपुरीपर्यंतचा किनारा तीन दिवसांत शिडाच्या होडीने पाहिला. केवळ दांपत्यांसाठी अशा सफरी काढणाऱ्या एका संस्थेकडे ४८ हजार रुपये भरले होते आणि त्यात एक तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, एक खलाशी, जेवणखाण व होडीतलाच मुक्काम एवढे धरलेले होते. तक्रारीही लिहायच्या असल्याने संस्थेचे नाव देत नाही. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये परतल्या. ती बातमी सौ.ने कापून पंचांगात जपून ठेवली होती. माझ्या निवृत्तीनंतरचा पहिला मोठा खर्च कशावर होणार, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

लातूर एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी गेटवेवरून लाँच धरली आणि दहाच्या सुमारास मांडव्याला उतरलो. होडी सुमारे तीस फुटांची, फायबरची आणि स्वच्छ होती. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, एका बर्नरची शेगडी आणि हाताने पंप मारून पाणी सोडायचे शौचकूप, एवढाच संसार. चढताच खलाशाने पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून सांगितले की शंभर लिटर पाणी तीन दिवस चौघांना पुरवायचे आहे, तेव्हा जरा जपून वापरा. यावर सौ. हसली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते आमच्याच गावात. भांडी विसळलेले पाणी कुंडीला घालायची सवय त्याच्याही आधीची. तिसऱ्या दिवशी उतरताना टाकीत निम्मे पाणी शिल्लक होते आणि असे प्रवासी याआधी मिळाले नव्हते, असे खलाशी म्हणाला. इतर बाबतीत मात्र आम्ही अगदीच अडाणी होतो.

माझी मुख्य तक्रार वेळापत्रकाची आहे आणि ती समजण्यासाठी वाऱ्याचे थोडे गणित सांगावे लागेल. हिवाळ्यात या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. नऊच्या सुमारास तो पडतो, मधले दोन-तीन तास पान हलत नाही आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत टिकतो. संस्थेच्या छापील कार्यक्रमात होडी सुटण्याची वेळ मात्र न्याहारीनंतर सकाळी नऊची, म्हणजे नेमकी वारा मेल्यावरची. पहिल्या दिवशी आम्हीच उशिरा पोचल्यामुळे दुपारचा वारा आपोआप मिळाला. शीड भरले, खांदेरीचा किल्ला आणि त्यावरचे १८६७ सालचे दीपगृह अगदी जवळून पाहता आले आणि संध्याकाळी अलिबागसमोर नांगर टाकला. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे नऊला निघालो, तेव्हा शीड डोलकाठीवर ओल्या धोतरासारखे लोंबत होते आणि रेवदंड्यापर्यंतचा सगळा रस्ता डिझेलच्या इंजिनावर, धुराच्या वासात कापावा लागला. शिडाच्या प्रवासाचे पैसे घेऊन असे करणे बरोबर नाही.

त्याहून मोठी चूक भरतीच्या हिशोबाची होती. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, त्यामुळे पाणी चढल्याखेरीज आमची होडी आत नेता येत नव्हती. भरतीची वेळ काढायला कोकणात साधा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. त्या दिवशी सप्तमी, म्हणजे पूर्ण भरती सव्वापाचच्या आसपास. आम्ही पोचलो अकराच्या सुमारास, अगदी ओहोटीला! चार वाजून गेले तरी बाहेरच, कोर्लईच्या किल्ल्याकडे पाहत डुलत बसलो आणि याच काळात सौ.ला दोनदा ओकारी झाली. पंचांग आमच्या पिशवीतच होते. जेवण उरकून दुपारी खाऱ्या वाऱ्यावर अलिबागहून निघालो असतो, तर इंजिन न लावता चढत्या पाण्याबरोबर खाडीत शिरता आले असते. एवढे शहाणपण माझे नव्हे, हे तांडेलांनीच संध्याकाळी चहा घेताना सांगितले. वेळा कार्यालयातून ठरून येतात आणि न्याहारीचे फोटो उजेडात चांगले येतात, म्हणून नऊ, असे ते म्हणाले. मी चाळीस वर्षे सरकारी कचेरीत काढलेली असल्यामुळे मला याचे फारसे नवल वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही न्याहारीवर पाणी सोडले आणि पहाटे निघण्याचा आग्रह धरला. तांडेलांनी अंधारात निघायला मात्र ठाम नकार दिला, कारण कोळ्यांची जाळी किनाऱ्याजवळ पसरलेली असतात आणि त्यांच्या खुणेच्या काठ्या उजेडाशिवाय दिसत नाहीत. ते मला पटले. साडेसहाला, फटफटल्यावर, पाणी नुकतेच उतरू लागले असताना आम्ही खाडीबाहेर पडलो. मतलई वारा डावीकडून येत होता, किनारा जवळ असल्यामुळे लाटा नव्हत्या आणि इंजिन बंद होते. नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखाली, फुटणाऱ्या पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते. ताशी चार सागरी मैल म्हणजे साडेसात किलोमीटरही नाहीत, सायकलवाला सहज पुढे जाईल, तरीही सौ.ने अडीच तास सुकाणू सोडले नाही. तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातून, एक हात सुकाणूवर ठेवून खाल्ली. नऊनंतर वारा पडल्यावर तांडेलांनी इंजिनाला हात लावला नाही, आम्हाला विचारून होडी तशीच तरंगत ठेवली आणि बाराला पुन्हा शीड भरले. दीडच्या सुमारास जंजिऱ्याच्या बुरुजांखालून राजपुरीला लागलो. संपूर्ण सफरीचे मोल या एका दिवसात वसूल झाले.

तांडेल आणि खलाशी यांच्याबद्दल चांगलेच लिहायला हवे. जीवरक्षक जाकीट नीट बांधल्याशिवाय त्यांनी आम्हाला वर येऊ दिले नाही, शीड फिरताना आडवी काठी डोक्यावर कशी येते ते आधीच करून दाखवले आणि पत्नीला मळमळू लागताच आत झोपू न देता क्षितिजाकडे तोंड करून बसवले. उलटीची गोळी तासभर आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. हे संस्थेने नोंदणीच्या वेळीच कळवायला हवे होते. जेवण बेताचे. शाकाहारी म्हणून कळवूनही दोन्ही रात्री बटाट्याचीच भाजी मिळाली. अलिबागसमोर होडी रात्रभर डोलत होती, तेव्हा ज्यांची झोप सावध आहे त्यांनी पहिल्या रात्रीची आशा धरू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली उतरण्याची उभी शिडी आधी फोटोत पाहून घ्यावी.

शेवटी हाती पडलेल्या बिलात डिझेलचे २,६०० रुपये वेगळे लावलेले होते. वारा नसताना निघायचे संस्थेने ठरवायचे आणि त्याचे इंधन प्रवाशाने भरायचे, हे मान्य नसल्याचे मी लेखी कळवले. आठ दिवसांनी निम्मी रक्कम परत आली, उरलेल्या निम्म्याबद्दल अद्याप उत्तर नाही. तरीही माघात विजयदुर्ग ते मालवण या टप्प्यासाठी आम्ही याच तांडेलांची होडी मागितली आहे. या वेळी सुटण्याच्या वेळा सौ.ने पंचांग उघडून स्वतः काढल्या आणि अर्जातच लिहून पाठवल्या आहेत.