जुनं घर विकायला काढलंय? आधी हे वाचा, किल्ली नंतर द्या

मी 31 वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली 12 क्लिअरिंगला. दिवसभर चेकवरच्या सह्या ताडून बघायच्या. आणि मलाच 10 लाखाचा चेक देऊन गंडवलं, तोही परत आला कशासाठी तर ‘सही जुळत नाही’. हसा. आमच्या घरी कोणी हसत नाही, जेवताना नुसते गप्प बसतात, ते त्याहून वाईट.

घर पणजोबांचं. सयाजीराव महाराजांच्या काळात ते वहिवटदाराच्या कचेरीत कारकून होते, तेव्हा बडोद्याजवळच्या डभोईच्या थोडं पुढे एका गावात बांधलेलं. गावाचं नाव टाकत नाही, वकिलांनी मना केलंय. दारावरच्या गणेशपट्टीवर शके 1833 कोरलेलं, म्हणजे 1911. खाली ओसरी, माजघर, देवघर, वर माडी, 14 खांब आणि सगळं लाकूड वलसाडी साग. ओसरीत झोपाळा, त्याच्या पितळी कड्या एवढ्या जड की एक उचलायला दोन हात लागायचे.

विकायला का काढलं म्हणून ज्यांना आता उमाळे येतायत त्यांना सांगते. हिस्सेदार चार. दादा पुण्याला, एक चुलतभाऊ नाशिकला, एक टोरांटोला आणि मी बडोद्यात, म्हणजे पंचायतीचा वेरा, म्हणजे घरपट्टी, भरायला मी, माकडांनी कौलं फोडली की माणूस शोधायला मी, दर पावसाळ्याआधी 20-25 हजार घालायला पण मीच, बाकीच्यांनी फोटो मागायचे आणि ग्रुपवर रडका चेहरा टाकायचा. तेव्हा आजोबांचं घर वगैरे मला ऐकवू नका.

दलाल ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा. त्याने डिसेंबर 2024 मध्ये पार्टी आणली. चाळिशीचा माणूस, स्वच्छ मराठी बोलणारा, लहानपण बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलं म्हणाला. देवघराच्या बाहेर चप्पल काढली, आमचं कुलदैवत विचारलं, मला पहिल्या दिवसापासून मावशी. होमस्टे करायचाय म्हणाला. स्टॅच्यू ऑफ युनिटी 2018 ला झाल्यापासून बडोद्याहून केवडियाला जाणारी सगळी गर्दी डभोईवरूनच जाते, त्यात सरकारची हेरिटेज टुरिझमची पॉलिसी, 1950 च्या आधीच्या वास्तूंना मदत मिळते, तुमचं घर तर 1911 चं, असं सगळं. ह्यात खोटं काहीच नव्हतं हो, मी मोबाईलवर बघून घेतलं होतं. फसवणारा माणूस सगळं खोटं बोलत नाही. नव्वद टक्के खरं बोलतो आणि तेवढं तपासून आपण दमतो.

भाव ठरला 61 लाख. मी सांगितलं, एक रुपया ब्लॅकमध्ये घेणार नाही, घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याच्या वर रोख चालत नाही, 2015 पासूनचा कायदा आहे. तो म्हणाला, मावशी सगळं व्हाईट, 50 लाखाच्या वर आहे म्हणजे मी एक टक्का टीडीएस कापणार, 61,000, त्याचं सर्टिफिकेट तुम्हाला मिळेल. मी खूश! घरी येऊन ह्यांना सांगितलं, किती सरळ माणूस. अहो, गावातल्या घराला सगळे पैसे व्हाईटमध्ये द्यायला एका शब्दात तयार झालेला खरेदीदार तुम्ही कधी पाहिलाय? मी तरी ना आधी पाहिला ना नंतर. पण आपण प्रामाणिक असलो की समोरच्याने हो म्हटलं तर त्याचं काही वाटतच नाही.

दलालाने 25,000 आधी घेतले, ‘हेरिटेजच्या फाईल’चे म्हणून 18,500 अजून. फाईल म्हणजे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आमच्याच घराचे आठ फोटो आणि आकारणीच्या उताऱ्याची झेरॉक्स. विकणाऱ्याने फाईलचे पैसे द्यायचे नसतात, कसलेच द्यायचे नसतात, दलाली दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, झाल्यावर.

9 जानेवारीला बानाखत, म्हणजे साठेखत, केलं. 300 च्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर. सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करू म्हटलं तर म्हणे वारसाईची नोंद व्हायचीय, तोवर नोटरी पुरे. बानापोटी, म्हणजे विसार म्हणून, 1,11,000 एनईएफटीने त्याच दिवशी जमा. ते खरंच आले. आणि 10 मार्चचा 10 लाखाचा चेक. बानाखतावर त्याने गुजरातीत सही केली, चेकवर इंग्रजीत. माझ्या लक्षात आलं होतं! आलं होतं आणि मी मनात म्हटलं, करतात लोक अशा दोन सह्या. टेबलाच्या त्या बाजूला असते तर मीच चेक बाजूला काढून फोन लावला असता. ह्या बाजूला बसलं की अक्कल कुठे जाते देव जाणे.

आता तो शब्द. बानाखताचं सातवं कलम, खरेदीदाराला साफसफाई आणि रिपेअरसाठी आगाऊ कबजा, आणि पुढे ‘मकाननो जूनो तथा सडेलो काटमाळ उतारी लेवानी छूट’, म्हणजे घराचा जुना, सडका काटमाळ उतरवून घ्यायची मुभा. मला गुजराती मराठीइतकंच येतं, जन्म इथला. काटमाळ म्हणजे मी समजले ढिगारा, घर पडलं की बातम्यांत म्हणतात ना, काटमाळ नीचे दबाई गया, तसा. मागच्या अंगणात पडक्या न्हाणीघराच्या विटांचा ढीग होताच, मला वाटलं बरं झालं, नेतोय तर नेऊ दे. पण काटमाळ म्हणजे घराचं लाकूडसामान सुद्धा. काटमाळवाळ्याची दुकानं रस्त्यावर दिसतात, जुने दरवाजे, खांब, तुळया रचलेल्या, आयुष्यभर बघत आले. आणि क्रियापद बघा. ढिगारा उचलतात. उतरवतात ते उभं असलेलं. हे मला वकिलाने सांगितलं, 35,000 घेऊन.

बरं, कलम सोडा, वकिली भाषा, चुकतं माणूस. 12 तारखेला किल्ली द्यायला गेले तेव्हा मी तिथे उभी होते आणि सगळं डोळ्यांसमोर झालं. तो दोन मिस्त्री घेऊन आला होता. घर घ्यायचंय तो माणूस काय बघतो? भिंतीची ओल बघतो, पाण्याची लाईन, मीटर, संडासाचा खाळकुवा (शोषखड्डा), माडीवर गळतं कुठे. ह्यांच्यातलं कोणी वर गेलंच नाही. म्हातारा मिस्त्री ओसरीतल्या तिसऱ्या खांबापाशी बसला, खिशातून चाकू काढला, खांबाच्या मागच्या बाजूला, जिथे तेलकट काळा थर आहे तिथे नखाएवढा कपचा काढला आणि नाकाला लावला. मग दुसऱ्याला दिला. त्यानेही वास घेतला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी विचारलं, काय बघताय? वाळवी, मावशी. वाळवी वासाने कळते का हो? मी विचारलं नाही. घरी सांगितलं, किती बारकाईने काम करतात बघा. तो कपचा अजून रात्री डोळ्यांपुढे येतो, आतून सोनेरी होता, 113 वर्षांनी.

मग उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, पतंगांची. 14-15 जानेवारी, त्यात वासी उत्तरायणला जोडून सुट्ट्या, सगळं गाव गच्चीवर, लाऊडस्पीकर, काय पो छे, खाली कोणी ट्रक भरतंय की दुकान लुटतंय कोण बघतो. मी इकडे नातवंडांना फिरकी धरून देत होते आणि उंधियूत मीठ कमी पडलं म्हणून सुनेशी वाद घालत होते. 23 तारखेला शेजारच्या काकींचा फोन आला, तुमचं घर आतून मोठं दिसतंय.

गेले. दार नव्हतं. गणेशपट्टी नव्हती. 14 खांबांपैकी एकही नाही, त्यांच्या जागी लोखंडी पाईपांचे टेकू, सेंट्रिंगवाल्यांकडे असतात तसले, काही तर वाकलेले. दगडी तळखडे तेवढे जागेवर, आणि प्रत्येकावर मधोमध एक स्वच्छ पांढरट चौकोन, खांबाच्या बुडाएवढा, बाकी दगड काळा. मी ते मोजत बसले. तक्तपोशी गेली, झोपाळ्याच्या कड्या गेल्या, देवघराची चौकट सुद्धा. विटांचा ढीग तसाच होता. एक वीट हलवली नव्हती. शेजारी म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हीच विकलं, त्याच्याकडे तुमच्या सहीचा कागद होता. ओळखीच्या सुताराने फोटो बघून 14 लाख सांगितले, कोरीव कामाचे वेगळे.

त्याचा फोन लागत होता बरं का, बंद वगैरे काही नाही. ‘मावशी, कलम सात वाचा.’

पोलिसांकडे गेले. साहेब म्हणाले, किल्ली तुम्ही दिली, सही तुमची, पैसे तुमच्या खात्यात, मग चोरी कसली? सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. एफआयआर नाही, नुसती अरजी घेतली, तीही माझ्या हातात पोच न देता, दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन गेले तेव्हा शिक्का मिळाला. (पोच घेतल्याशिवाय कुठूनच उठू नका, पोलीस असोत नाहीतर पंचायत.) तिथून जिल्ह्याच्या ऑफिसला, तिथून पुन्हा तिथेच ‘तपास अर्थे’. एक जण म्हणाला, लँड ग्रॅबिंगचा अर्ज करा कलेक्टरकडे. 2020 चा कायदा आहे, कडक आहे, केला अर्ज. उत्तर काय, जमीन तुमच्याच ताब्यात आहे, ग्रॅबिंग झालेलंच नाही. म्हणजे घर नेलं पण जमीन ठेवली, हा त्याचा मोठेपणा! तलाठी म्हणाला लाकूड आमच्यात येत नाही. मी म्हटलं कोणात येतं? तो म्हणाला, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच बघा. बँकेत एखादं गिऱ्हाईक चुकीच्या खिडकीवर आलं तर निदान बरोबर खिडकी दाखवायचो आम्ही.

10 मार्चला चेक टाकला, परत आला. मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, मग त्याला 15 दिवस, मग महिनाभरात कोर्टात, ह्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा, एक चुकली तर केस लंगडी. मी निदान ह्यात चुकले नाही. त्याचं उत्तर आलं, चेक फक्त सिक्युरिटीचा होता, टायटल क्लिअर नाही म्हणून सौदा तुम्हीच मोडलात, माझे 1,11,000 व्याजासकट परत करा. वर एका गुजराती पेपरात जाहेर नोटीस, ह्या मिळकतीवर माझं बानाखत आहे, कोणी व्यवहार करू नये. झालं, आता दुसरा कोणी दारात येत नाही. दार पण नाहीये म्हणा.

जूनच्या शेवटच्या पावसात टेकू सरकले आणि माडी खाली आली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. आणि जी पंचायत सहा महिने कागदाला हात लावत नव्हती तिने चार दिवसांत नोटीस काढली, मला, जर्जरित मकान स्वखर्चाने उतरवा नाहीतर कारवाई. उतरवून, ढिगारा उचलून 62,000. हिशोब सवयीने केला. दलाल 25,000, फाईल 18,500, वकील 35,000, हे 62,000, एकूण 1,40,500. त्याचे 1,11,000 वजा केले तर माझ्या खिशातून गेले 29,500. म्हणजे माझं घर पाडायचा खर्च बराचसा त्यानेच केला. आगाऊ.

कोणी विचारेल वकील आधी का नाही दाखवला. बानाखत नोटरीकडच्या वकिलानेच लिहिलं होतं ना! तो वकील त्याने आणलेला होता एवढंच. आपला वकील म्हणजे ज्याला पैसे आपण देतो तो. आणि लाकडाची यादी करा, खांब मोजून, फोटो काढून, बानाखताला जोडा, ‘सह्यांच्या दिवशी जागेवर होतं’ असं लिहून. मी फोटो काढले होते पण सगळ्यात नातवंडं पुढे आणि खांब मागे अर्धा.

गणेशपट्टी सापडली. ऑगस्टमध्ये, हायवेवरच्या एका काटमाळवाळ्याकडे, भिंतीला टेकवून ठेवलेली, गणपतीच्या सोंडेला नवीन पॉलिश, खाली शके 1833 आणि खडूने 85,000. दुकानदाराने विचारलं रिसॉर्टसाठी हवीय का, जोडीला खांब पण आहेत. बिल कुठलं म्हटलं तर म्हणे जुन्या मालाचं बिल नसतं. फोटो काढून त्याच साहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी मोठा करून बघितला. म्हणाले, ह्यावर तुमचं नाव कुठे आहे?

कालच दलालाचा फोन येऊन गेला. पार्टी अजून इंटरेस्टेड आहे, झालं गेलं विसरा, सगळ्या केसेस मागे घेऊ, 19 लाख देतो म्हणतोय, आता नुसता प्लॉटच तर आहे मावशी. दादाला वाटतंय मी फोन आपटला. मी विचार करून सांगते म्हटलं.