छतावरचं पॅनेल की घडीचं?

आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, सोलर घ्यायचा, सोबत लिथियम बॅटरी आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारं यंत्र), इथवर तुमचं ठरलंय असं धरतो. घोडं अडतं ते पुढे: पॅनेल छतावर कायमचं बसवायचं, की घडीचं घेऊन मुक्कामी मांडायचं? मी दोन्ही वापरलंय, बहुतेक अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, क्वार्ट्झसाइटच्या आसपासच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर.

हिवाळ्यात घडीच्या पॅनेलची बाजू भक्कम. डिसेंबरअखेर तिथे भर दुपारीही सूर्य ३३ अंशांच्या फारसा वर जात नाही. छतावर आडव्या पडलेल्या पॅनेलला तेव्हा थेट उन्हाचा निम्म्याहून थोडाच जास्त वाटा मिळतो. घडीचं मात्र सूर्याकडे तोंड करून तिरकं ठेवता येतं. उन्हाळ्यात सुमारे ७,००० फुटांवरच्या फ्लॅगस्टाफकडे जाऊन गाडी पाइनच्या सावलीत आणि पॅनेल उन्हात, ही सोयही त्याचीच.

मला नको झाली ती आवराआवर. ट्रेकला निघा, पाणी भरायला किंवा किराणा आणायला गावात जा, दर वेळी पॅनेल मिटा, तार गुंडाळा, आत ठेवा. उघड्यावर सोडलं तर वाळवंटातली वावटळ ते उलथवते, शिवाय चोरीची धास्ती. आणि आपण बाहेर जातो तेव्हाच, दहा ते तीन, ऊन सगळ्यात चांगलं असतं. त्या वेळात पॅनेल पलंगाखाली! बॅटरी भरायची तर आमच्यापैकी एकाने मागे थांबायचं. एवढ्या लांब येऊन एकाने पॅनेल राखत बसावं, हे मला पटेना.

छतावरचं पॅनेल गाडी चालू असताना, दुकानाबाहेर उभी असताना, कायम बॅटरी भरत राहतं. आडवेपणाची तूट मी एक पॅनेल वाढवून भरून काढली. वॅटमागे साधं पॅनेल घडीच्यापेक्षा स्वस्त पडतं. छतावरच्या एसीची सावली एखाद्या पॅनेलवर येतेच, म्हणून जोडणी पॅरलल ठेवली, म्हणजे एकावर सावली आली तरी बाकीची चालू राहतात. पॅनेल बसवायला छताला पाडलेल्या भोकांभोवतीचं सीलंट मात्र वर्षातून एकदा वर चढून तपासावं लागतं.

तुम्ही १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात दीर्घ मुक्कामासाठी राखलेल्या सरकारी जागेत एकाच ठिकाणी राहणार असाल, किंवा छतावरचं रबराचं आवरण जुनं झालं असेल, तर घडीचं कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. फिरतीवर असाल तर मी छतच सुचवेन. तार खाली घेताना फ्रिजच्या छतावरच्या व्हेंटमधून (हवा जायच्या झरोक्यातून) घ्या, म्हणजे तिच्यासाठी छताला वेगळं भोक पाडावं लागत नाही.