साधी कवळी, इम्प्लांटवरची कवळी की पक्के दात: चावण्याच्या स्नायूंना काय मानवतं?

सगळे दात गेल्यावर चर्चा दिसण्यावर आणि खर्चावरच अडते. चावायचं काम मात्र स्नायूंचं असतं: गालातला मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस. जबडा घट्ट आवळला की बोटांना फुगलेले लागतात ते हेच. काम कमी झालं की तेही बारीक होतात.

साधी कवळी हिरडीवर टेकते. जोर लावला की हिरडी दुखते, कवळी हलते, म्हणून स्नायूच हात आखडता घेतात. चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपास राहतो. वरची कवळी टाळूला धरून तरी राहते. खालची जीभ आणि गालांनी सांभाळावी लागते. खरी कटकट तीच.

म्हणूनच खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात बसवायची स्क्रूसारखी कृत्रिम मुळं) बसवून त्यांवर कवळी अडकवली की मोठा फरक पडतो. एकही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच म्हटलं होतं. जोर वाढतो, घास लवकर बारीक होतो. मात्र दाढांकडचा भाग अजूनही हिरडीवरच टेकलेला असतो, त्यामुळे तिथे मर्यादा उरते.

चार ते सहा इम्प्लांटवर पक्के, म्हणजे रोज काढता न येणारे, दात बसवले की भार थेट हाडावर जातो आणि स्नायूंना मोकळेपणाने जोर लावता येतो. पण दुसऱ्या जबड्यात सैल कवळी असेल, तर जोर तिला झेपेल तेवढाच लागतो. हे आधी विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र इम्प्लांट परत देत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ पडदा असतो. घास किती कडक आहे, हे त्यातल्या मज्जातंतूंमुळे कळतं. इम्प्लांट हाडाला थेट जुळतो, मध्ये हा पडदा नसतो. हाडातून, स्नायूंतून थोडी जाणीव होते, पण ढोबळ. त्यामुळे चावता चावता घास मऊ झाला, तरी स्नायू जोर हवा तितका कमी करत नाहीत. झोपेत दात खाणाऱ्यांनी तर डॉक्टरांना हे आधीच सांगावं. दातांचे टवके उडू शकतात, स्क्रू ढिले होऊ शकतात.

एक-दोन दाढाच गेल्या असतील, तर स्नायूंच्या काळजीने निर्णय घेऊ नका. उरलेले दात बराच भार उचलतात.

इम्प्लांट हाडात जुळायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. स्नायू त्यानंतर हळूहळू सावरतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही सवयीने मऊच खात राहिलं, तर सावरतील कसे?

माझं मत विचाराल तर खालची कवळी हलत असेल, त्यांना सर्वांत जास्त फायदा पहिल्या दोन इम्प्लांटचाच. त्यापुढे पक्के दात घ्यायचे तर हाड पुरेसं हवं आणि दातांखालची फट रोज स्वच्छ करायची तयारी हवी. हात थरथरत असतील, तर काढून धुता येणारी कवळीच सोयीची.